सुट्टीच्या कार्डावर नसलेली ओळ

प्रति,
नागपुरातल्या सरकारी आणि खासगी दवाखान्यांच्या अपघात व अस्थिरोग विभागांचे प्रमुख

सप्रेम नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कुठल्या दवाखान्यात नोकरीला नाही. तुमच्याकडून सुट्टी झालेल्या पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. सकाळी साडेसातला मानेवाड्यातून गाडी काढते, मग हुडकेश्वर, दिघोरी, नंदनवन, आठवड्यातून दोनदा हिंगणा आणि कोणी फारच गळ घातली तर बुटीबोरी. लोकांच्या फोनमध्ये माझा नंबर 'व्यायामवाल्या मॅडम' या नावाने असतो. तुम्ही ज्या मांडीत रॉड टाकता ती मांडी तुमच्याकडे सहा-सात दिवस असते आणि माझ्याकडे तीन महिने. हे पत्र लिहायचा माझा अधिकार तेवढाच.

विषय रक्ताच्या गुठळीचा आहे. अपघातानंतर पायाच्या आतल्या नसेत धरते आणि तिथून सुटून फुप्फुसात जाते, ती. कोणाला तिचा धोका जास्त आहे याचा अंदाज पेशंट भरती झाला त्याच दिवशी बांधता येतो. काही विभागांत तो बांधलाही जातो, मला माहीत आहे. पण पेशंट घरी येतो तेव्हा तो अंदाज त्याच्यासोबत येत नाही. अँटिबायोटिक येतं, कॅल्शियमची गोळी येते, एक्स-रेचं मोठं पाकीट येतं, गुठळीबद्दल मात्र कार्डावर एक ओळ नसते.

आधी माझीच चूक सांगते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी होईन.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. काटोलकडचा माणूस, संत्र्याच्या बागेत मजुरी करणारा, वय अडतीस. मोटारसायकल घसरून नडगीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नागपूरला झालं, दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण त्या कार्डात जे नव्हतं ते इतरांच्या कार्डातही नसतं. सुट्टीनंतर तो साळ्याकडे दोन खोल्यांत राहत होता. माझी तिसरी खेप असेल. त्याची बायको म्हणाली, ''मॅडम, पोटरी गच्च होऊन राहिली जी यांची. आन् रात्री कळ मारते म्हणतात.'' मी हात लावून पाहिला. पोटरी गरम होती, घट्ट होती. मी म्हटलं, हालचाल नाही ना, सूज येतेच, पाय दोन उशांवर ठेवा. घोट्याचे व्यायाम वीस-वीस वेळा करून घेतले आणि निघाले. पुढच्या घरी उशीर होत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. ''मॅडम, आज येऊ नका.'' पहाटे वॉकर धरून बाथरूमला उठला होता. दाराशीच छातीला हात लावला, घामाने निथळला, दम लागला, आणि ऑटोत घालेपर्यंत संपला. सगळे म्हणाले अटॅक आला. असेलही. तपासलं कोणीच नाही, त्यामुळे गुठळीच होती असं मी छातीठोकपणे आज म्हणू शकत नाही. पण त्या आठवड्यात मी शिंप्याच्या दुकानातून मापाचा टेप विकत घेतला. तो आजही पिशवीत आहे, आकडे पुसट झालेत.

तुम्हाला शिकवायला बसलेली नाही, पण हे पत्र पेशंटचे नातेवाईकही वाचतील, म्हणून थोडं मुळापासून. १८५६ साली रुडॉल्फ व्हर्चो या जर्मन डॉक्टरने फुप्फुसात सापडणाऱ्या गुठळ्या पायाच्या नसांतून सुटून आलेल्या असतात हे दाखवून दिलं. नसेत गुठळी धरायला तीन गोष्टी कारण होतात: रक्त साचणं, नसेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचाच कल गोठण्याकडे झुकणं. ही तिकडी आजही त्याच्याच नावाने शिकवतात. एरवीच्या आजारात यातली एखादी, फार तर दोन असतात. अपघातात तिन्ही एकदम येतात. हाड मोडताना शेजारच्या नसा चेंगरतात, ही इजा. पाय ट्रॅक्शनला (वजन लावून ताणलेला) किंवा प्लास्टरमध्ये अडकतो, हे साचणं. पोटरी ही खरं तर पंप आहे. चालताना ती आवळली की नसांतलं रक्त वर ढकललं जातं आणि नसांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. पाय पडून राहिला की त्या झडपांच्या कोनाड्यांत रक्त तुंबतं, तिथे प्राणवायू कमी पडतो, आणि गुठळीचं बी बहुतेक वेळा तिथेच रुजतं.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. पहिल्या काही तासांत गंभीर जखमी माणसाचं रक्त बरेचदा नीट गोठत नाही, म्हणून तुमची धावपळ असते: रक्ताच्या पिशव्या आणा, रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड द्या. मग शरीर भरपाई करायला लागतं. गोठवणारे घटक वाढतात, गुठळी विरघळवणारी यंत्रणा मंदावते आणि एक-दोन दिवसांत पारडं पार उलटं फिरतं. परवा ज्याचं रक्त थांबत नव्हतं त्याचंच आज नको तिथे गोठू लागतं. नातेवाइकांना हे पटतच नाही. ''इतकं रक्त गेलं मॅडम, आता गाठ कुठून होईन?'' असं मला अनेकांनी विचारलंय.

हे किती वेळा घडतं? १९९४ साली कॅनडातल्या टोरंटोच्या डॉक्टरांनी याचं उत्तर शोधलं. विल्यम गीर्ट्स आणि सहकाऱ्यांनी मोठ्या अपघातातल्या जखमींच्या दोन्ही पायांच्या नसांत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढले. गुठळी टाळणारं औषध त्यांना दिलेलं नव्हतं. चाचणी पूर्ण झालेल्या ३४९ जणांपैकी २०१ जणांच्या पायात गुठळी सापडली. म्हणजे ५८ टक्के. गुडघ्यापासून वरच्या, जास्त धोक्याच्या गुठळ्या १८ टक्क्यांमध्ये. पण मला झोप लागू न देणारा आकडा वेगळाच आहे. त्या २०१ पैकी तपासणीआधी पाय पाहून संशय यावा अशी लक्षणं फक्त तिघांमध्ये होती.

तिघांमध्ये! म्हणजे 'सूज आली की बघू' हे धोरण मुळातच आंधळं आहे. माझा टेपही बऱ्याच अंशी आंधळाच, हे मला कळतं. म्हणूनच आधी अंदाज बांधायचा असतो. याच अभ्यासाने तो कशावरून बांधायचा तेही सांगितलं: वाढतं वय, मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाचं फ्रॅक्चर, मज्जारज्जूची इजा, ऑपरेशन आणि रक्त चढवलेलं असणं. या पाचांतलं एकही जमवायला महागडी तपासणी लागत नाही. सगळं केस पेपरवर आधीपासून लिहिलेलं असतं.

डी-डायमरबद्दल, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात उतरणारे तुकडे मोजणाऱ्या तपासणीबद्दल, एक वाक्य. मोडलेल्या हाडाच्या पेशंटचा डी-डायमर वाढलेलाच असतो, त्यावरून पहिल्या दिवसांत गुठळी ठरवता येत नाही. तरी त्याच्या बिलाच्या पावत्या मला घरोघरी दिसतात.

''आपल्या लोकांत हे फारसं होत नाही,'' हे वाक्य मी रामदासपेठेपासून सक्करदऱ्यापर्यंत ऐकलंय. गोऱ्या लोकांत रक्त लवकर गोठवणारे काही आनुवंशिक दोष जास्त आढळतात हे खरं. पण रॉड टाकलेल्या मांडीला आनुवंशिकतेची गरज पडत नाही. आणि गंमत अशी की लहान डोसमधल्या हेपॅरिनने, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या सुईने, ऑपरेशननंतरचे मृत्यू टळतात हे जगाला पटवणारा माणूस मूळचा भारतीयच होता. लंडनमध्ये काम करणारे शल्यविशारद विजय कक्कर. १९७५ च्या त्यांच्या चाचणीत चार हजारांहून अधिक पेशंट होते. औषध न दिलेल्या गटात १६ जण फुप्फुसातल्या गुठळीने गेले, दिलेल्या गटात २. त्यानंतर तीस-एक वर्षांनी एन्डॉर्स नावाची पाहणी ३२ देशांत झाली. जगभरात, धोका असलेल्या पेशंटपैकी साधारण निम्म्यांना प्रतिबंधक उपचार मिळत होते. भारतातल्या दवाखान्यांत हेच प्रमाण शंभरात सतराच्या आसपास निघालं. होत नाही म्हणून आपण बघत नाही, की बघत नाही म्हणून होत नाही असं वाटतं?

आता अंदाजाच्या पद्धतींकडे येते, कारण माझा खरा वाद तिथे आहे.

आपल्याकडे, जिथे कुठे गुठळीच्या धोक्याचे गुण मोजतात तिथे बहुधा कॅप्रिनीचा तक्ता वापरतात. तो ऑपरेशनच्या सगळ्याच पेशंटसाठी केलेला आहे. त्यात खुबा, पेल्विस किंवा पाय मोडला की थेट ५ गुण. एकाहून जास्त ठिकाणी गंभीर मार, ५ गुण. मज्जारज्जूची इजा, ५ गुण. आणि ५ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे सगळे 'जास्त धोका'. आता हा तक्ता घेऊन अस्थिरोग वॉर्डातून फेरी मारा: पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत सगळे जास्त धोक्याचे. ज्या चाळणीतून काहीच खाली पडत नाही ती चाळणी कशाला म्हणायची? निवासी डॉक्टर दोन दिवस इमानाने भरतो, तिसऱ्या दिवशी डोळे मिटून ५ लिहितो. त्याचा दोष नाही.

खास अपघाताच्या पेशंटसाठीही तक्ते आहेत. ग्रीनफिल्ड यांचा १९९७ चा आहे, बराच लांबलचक. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ट्रॉमा नोंदींवरून आटोपशीर तक्ता निघाला, टेस नावाचा. त्यात पाचच गोष्टी: वय, जखमांची एकूण तीव्रता, लठ्ठपणा, व्हेंटिलेटर आणि पायाचं फ्रॅक्चर. तो माणसांमाणसांत फरक करतो. पण जखमांच्या तीव्रतेचा आकडा काढायला शरीराच्या प्रत्येक भागाला वेगळे गुण देऊन, त्यांतल्या सर्वांत वाईट तीन भागांच्या गुणांच्या वर्गांची बेरीज करावी लागते. रात्री अकरा वाजता, समृद्धीवरून एकाच गाडीतले पाच जण आले असताना, कॅज्युअल्टीत ते कोण करणार?

आणि समजा केलं. तरी एक अडचण उरतेच. अंदाज दोन कसोट्यांवर उतरावा लागतो. पहिली, ज्यांना गुठळी होणार आणि ज्यांना नाही त्यांना तो वेगळं काढतो का. दुसरी, तो जो आकडा सांगतो तो खरा ठरतो का. हवामान खात्याने दहा दिवस 'पावसाची शक्यता सत्तर टक्के' म्हटलं आणि त्यातल्या सात दिवशी पाऊस आला, तर अंदाज चोख. उरलेल्या तीन दिवशी उगाच छत्री नेली म्हणून कोणी खात्याला शिव्या देऊ नयेत. (आपण नागपूरकर देतोच, ती गोष्ट वेगळी.) तक्ता परक्या मुलखातून उचलून आणला की पहिली कसोटी बहुधा निभावते, दुसरी ढासळते. तिथले वजनाचे निकष वेगळे. तिथे उतारवयात घरात पडून आलेले पेशंट भरपूर. आपल्याकडे दुचाकीवरचा पंचवीस-तीस वर्षांचा पोरगा. तिथला माणूस तासाभरात ट्रॉमा सेंटरला पोचतो. आपल्याकडे गडचिरोलीहून, बालाघाटहून, छिंदवाड्याहून दोन दवाखाने करत, पायाला लाकडी फळी बांधून, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, दारात उतरतो. प्रवासाचे ते तीस-चाळीस तास कुठल्याच तक्त्यात नाहीत. पाय तर तेव्हापासूनच पडून आहे.

आणखी एक गोष्ट तक्त्यात नसते, ती मला घरी कळली. बाया पाणी पीत नाहीत. बेडपॅन मागायची लाज, उचलायला दोन माणसं लागतात, सून कामावर गेलेली. म्हणून सकाळपासून अर्धा तांब्या. मे महिन्यात, कूलर गरम हवा फेकत असताना, पंचेचाळीस डिग्रीत अर्धा तांब्या. रक्त घट्ट व्हायला आणखी काय हवं? दिघोरीच्या एका आजींनी मला सरळ सांगितलं, ''पाणी पेलं का मंग उठा लागते ना माय.'' हे तुम्हाला राउंडला कोणी सांगणार नाही. राउंडला पंधरा जण असतात.

म्हणून माझं म्हणणं असं. परका तक्ता जसाच्या तसा डोक्यावर घेऊ नका आणि परका म्हणून फेकूनही देऊ नका. अर्ध्या पानाचा एक कागद करा, मराठीत आणि हिंदीत. वय, कुठलं हाड, मज्जारज्जू, ऑपरेशन किती वेळ चाललं, रक्त चढवलं का, आयसीयूत किती दिवस, वजन, आधी कधी गुठळी झाली होती का, कॅन्सर, गरोदरपण किंवा पाळी लांबवायच्या अथवा कुटुंबनियोजनाच्या गोळ्या, आणि अपघातापासून इथे पोचायला लागलेले तास. दुसऱ्या बाजूला रक्तस्रावाचा धोका: डोक्यातला रक्तस्राव, फाटलेलं यकृत किंवा प्लीहा, कमी झालेल्या प्लेटलेट. दोन्ही बाजू शेजारी-शेजारी दिसल्या पाहिजेत, कारण तुमचा निर्णय त्यांच्या मधोमध असतो. डोक्याला मार लागलेल्याला रक्त पातळ करायची सुई लगेच देता येत नाही, सीटी स्थिर आहे याची खात्री होईपर्यंत थांबावं लागतं, हे मला कळतं. पण तोपर्यंत पायांना हवेच्या दाबाचे पट्टे बांधता येतात. आणि 'सध्या थांबा' असं लिहिलेलं पान पुढच्या राउंडला कोणी उलटलंच नाही, असंही होतं.

हा कागद तीनदा भरायचा: भरती होताना, ऑपरेशननंतर आणि सुट्टीच्या दिवशी. धोका एका जागी बसून राहत नाही. पहिल्या दिवशी टोरंटोच्या त्या पाच गोष्टींतली एक असते, आठव्या दिवशी दोन ऑपरेशनं आणि तीन पिशव्या रक्तानंतर तीन होतात. सुईचे डोस चुकण्याची जागाही हीच. ऑपरेशनच्या सकाळी सुई थांबवतात, तारीख एक दिवस पुढे जाते, मग आणखी एक, आणि पुन्हा सुरू करायची राहून जाते. डोस चुकलेल्यांत गुठळ्या जास्त होतात हे अभ्यासांत दिसलेलं आहे.

सुट्टीच्या दिवशी जी ओळ कार्डावर हवी ती माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाची. धोका किती. औषध कोणतं आणि कुठल्या तारखेपर्यंत. दम लागला, छातीत दुखलं, पोटरी भरून आली तर कुठे यायचं. आणि दोन्ही पोटऱ्यांचं माप.

मापाचं का म्हणते ते सांगते. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाताला एक उंचवटा लागतो. तिथून दहा सेंटिमीटर खाली मी बॉलपेनने खूण करते आणि टेप फिरवते. पायातल्या गुठळीचा संशय मोजायच्या वेल्सच्या निकषांत दोन पोटऱ्यांत तीन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर एक गुण आहे. पण मोडलेला पाय सुजलेलाच असतो, मग तीन सेंटिमीटर कशाच्या तुलनेत? बुटीबोरीच्या कारखान्यातला एक फिटर, वय चौतीस, मांडीत रॉड. मी आठव्या दिवशी पहिल्यांदा गेले: चांगला पाय ३४, ऑपरेशनचा ३६. दोन सेंटिमीटर, चालतंय म्हटलं. बाराव्या दिवशी साडेछत्तीस. पंधराव्या दिवशी गेले तर त्याची मावशी कोमट तिळाच्या तेलाने पोटरी रगडत बसलेली, ''सूज उतरते मालिशनं.'' मी आधी तिचा हात धरला, मग टेप काढला. एकोणचाळीस. त्याच संध्याकाळी डॉपलर, म्हणजे नसांची सोनोग्राफी, करायला लावलं. गुठळी गुडघ्याच्या वरपर्यंत गेलेली होती. आज तो पुन्हा शिफ्टला जातो. पण मी आठव्या दिवशी गेले म्हणून माझ्याकडे ३६ होतं. ज्यांच्याकडे पंधराव्या दिवशी पहिल्यांदा जाते त्यांचं काय? सुट्टीच्या दिवशी सिस्टरने दोन आकडे लिहिले, दोन मिनिटांचं काम, तर नागपुरातल्या प्रत्येक फिजिओच्या, प्रत्येक गावातल्या आशाताईच्या हातात तुलनेला काहीतरी राहील.

(तिथल्या निवासी डॉक्टरने फिटरच्या भावाला विचारलं म्हणे, ''डॉपलर सांगितलं कोणी? फिजिओने?'' असो.)

पैशांचं. अपघातग्रस्तांसाठी केंद्र सरकारची कॅशलेस योजना मे २०२५ पासून आहे: दीड लाखापर्यंत, अपघातापासून सात दिवस. योजना चांगलीच आहे, त्या सात दिवसांत जीव वाचतात. पण हाडांच्या मोठ्या ऑपरेशननंतर गुठळी टाळायचं औषध किमान दहा ते चौदा दिवस आणि गरज पडल्यास पस्तीस दिवसांपर्यंत द्यावं असं मार्गदर्शक सूचना सांगतात. आठव्या दिवसापासूनची सुई पेशंटच्या खिशातून. घरी ती कोण देणार, तर शेजारचा कंपाउंडर. मग ती सुई दोन दिवस दिली जाते आणि उरलेल्या फ्रीजच्या दारात कोथिंबिरीच्या मागे पडून राहतात, मी पाहिल्यात.

इथेच अंदाजाचा दुसरा उपयोग होतो. २०२३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या बारा हजारांहून अधिक फ्रॅक्चरच्या पेशंटवरची चाचणी प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना दिवसातून दोनदा सुई, अर्ध्यांना दिवसातून दोनदा कमी डोसची ॲस्पिरिन. नव्वद दिवसांतले मृत्यू जवळपास सारखे, पाऊण टक्क्याच्या आसपास. फुप्फुसातल्या गुठळ्याही सारख्या, दोन्हीकडे दीड टक्का. पायातल्या गुठळ्या मात्र ॲस्पिरिनमध्ये थोड्या जास्त, अडीच टक्के विरुद्ध १.७. म्हणजे ज्याला सुई परवडत नाही त्याला काहीच न देण्यापेक्षा कितीतरी बरा पर्याय काही रुपयांत आहे. कोणाला गोळी पुरेल आणि कोणाला सुईच लागेल हे ठरवणं तुमचं काम, मी त्यात पडत नाही. पण ते ठरवायचं तर धोक्याचा आकडा समोर लागेलच ना? आज हा निर्णय बरेचदा पेशंटच्या चपलांकडे बघून होतो.

जे अधिकारी हे वाचतील त्यांनाही एक विनंती, कारण उद्या कोणाच्या तरी डोक्यात येईल की दवाखान्यांचे गुठळ्यांचे आकडे जाहीर करा. तसं करू नका. निदान लगेच नको. जो दवाखाना जास्त डॉपलर करतो त्याला जास्त गुठळ्या सापडतात. अमेरिकेत हे होऊन चुकलंय, नीट शोधणारेच आकड्यांत वाईट दिसले. आपल्याकडे पहिल्या वर्षी आकडा वाढेल, आणि तो वाढला म्हणून विभागप्रमुखाला नोटीस गेली की दुसऱ्या वर्षी डॉपलर कमी होतील. आधी नुसती नोंद होऊ द्या. मेडिकल, मेयो, एम्स आणि धंतोलीतले दोन-चार दवाखाने यांनी एकच कागद वापरून वर्षभर भरला, नव्वद दिवसांनी प्रत्येकाला एक फोन केला, तर कुठला आकडा नागपूरच्या माणसाला लागू पडतो ते कळेल. मग परका तक्ता आपल्या मापाने आखूड करता येईल. आणि शवविच्छेदनात फुप्फुसातली गुठळी निघाली तर तो कागद पोलिसांच्या फायलीत जातो. ज्या वॉर्डाने तो पाय जोडला त्या वॉर्डाला कधी कोणी कळवतं का? हा प्रश्न मी खरंच विचारते आहे, टोमणा नाही.

१३ ऑक्टोबरला जागतिक थ्रॉम्बोसिस दिन असतो, व्हर्चोचा जन्मदिवस. त्या दिवशी फलक लागतात, भाषणं होतात. यंदा भाषणाऐवजी तुमच्या विभागाच्या छापखान्याला सुट्टीच्या कार्डाचा नवा नमुना द्या, एवढं झालं तरी मी समोसा न खाता परत जाईन.

माझ्याकडे वह्या आहेत, बारा वर्षांच्या. दोन्ही पोटऱ्यांची मापं, तारखा, कुठलं हाड, पुढे काय झालं. शास्त्रीय म्हणावं असं त्यात काही नाही, एका बाईने गाडीवरून फिरून लिहिलेलं आहे. नावं-पत्ते काढून ज्या विभागाला हव्या त्याला द्यायला तयार आहे. कागदाचा एक कच्चा नमुनाही करून ठेवलाय, निवासी डॉक्टरांनी खोडाखोड केली तर आवडेल. फोन सकाळी सातच्या आत किंवा रात्री आठनंतर करावा, दिवसभर मी गाडीवर असते आणि हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही.

आपली,
घरोघरी जाणारी एक फिजिओथेरपिस्ट
मानेवाडा, नागपूर